पेज, ओवा आणि पथ्य

पोटाच्या किरकोळ तक्रारी हा आजारांचा असा वर्ग आहे, की त्यांचा पहिला वैद्य बहुधा घरातच असतो आणि त्यांचे पहिले औषध मिसळणाच्या डब्यातून निघते. जेवण अंगावर येणे, करपट ढेकर, छातीत जळजळ, पोटात वात धरणे, शौचाला साफ न होणे, एकदोन दिवसांची हगवण अशा कारणांसाठी मराठी घराने दवाखान्याची पायरी सहसा लगेच चढलेली नाही. त्याआधी ओवा चावून होतो, बेंबीभोवती हिंगाचा लेप लागतो, आल्याचा रस निघतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. ते का भागते, याचा विचार मात्र क्वचित होतो. यश ओव्याच्या नावावर जमा होते. त्या ओव्याबरोबर टळलेले जेवण, आडवे पडायला मिळालेली दुपार, घोटाघोटाने पोटात गेलेले कोमट पाणी आणि घरातल्या कुणाचे तरी सतत असलेले लक्ष यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. या उपायांचे मोल ठरवायचे तर मिसळणाचा डबा आणि त्याभोवतीचे पथ्य ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात, आणि त्यासाठी मुंबईजवळच्या नालासोपाऱ्यासारखे गाव सोयीचे आहे, कारण तेथे जुनी वाडी आणि नवी चाळ एकाच रेल्वे स्थानकाच्या दोन अंगांना नांदतात.

स्थानकाच्या पश्चिमेला मूळ सोपारा आणि त्यापलीकडे गास, निर्मळ, भुईगाव, आगाशी ही वाड्यांची गावे आहेत, जेथे केळी, नागवेल, फुले आणि भाजीपाला यांवर पिढ्यानपिढ्या संसार चालत आले. पूर्वेला तुळींज, आचोळे, संतोष भुवन अशा दाट वस्त्या गेल्या काही दशकांत उभ्या राहिल्या, आणि त्यांत कोकणातले चाकरमानी, घाटावरचे लोक, गुजराती कुटुंबे, उत्तर भारतातून आलेले कामगार असे सारे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले. वसई-विरार शहर महानगरपालिका 2009 मध्ये आणि पालघर जिल्हा 2014 मध्ये अस्तित्वात आला. पण या दोन जगांची वाटणी त्याआधीच झालेली होती. वाडीतल्या घरी औषध परसातून येत असे, चाळीतल्या घरी ते गावाहून आणलेल्या पिशवीतून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून येते.

वाडीचा बटवा कशाने भरलेला होता, हे पाहिले की त्यामागची दृष्टी कळते. विहिरीकाठी आले आणि हळद, बांधावर लिंबू, कुंपणाला गवती चहा, ओसरीच्या कडेला पानओवा, म्हणजे ओव्याचा वास असलेले जाड, लवदार पानांचे झुडूप. यांतले एकही झाड केवळ औषध म्हणून लावलेले नसे. त्याच पानांची भजी होत, तेच आले चहात पडे, तीच हळद लोणच्यात जाई. पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या डोंगरांत हिरडा, बेहडा, मुरुडशेंग आणि कुडा मिळे, आणि त्यांची ओळख आदिवासींना सर्वांत पक्की होती. पांढऱ्या कुड्याच्या सालीचा काढा आमांशावर, म्हणजे आव पडणाऱ्या आणि पोटात मुरडा येणाऱ्या जुलाबावर, दिला जाई. या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड असते आणि आमांशाच्या अमिबावर त्याचा परिणाम होतो, हे आधुनिक औषधशास्त्राने पुढे तपासले. मुरुडशेंगेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचा आकार मुळातच दोरखंडासारखा पिळलेला, आणि पोटातला मुरडाही पिळवटणारा, म्हणून एकावर दुसरे औषध, असा तर्क तिच्या वापरामागे असावा असे वाटते. वनस्पतीच्या रूपावरून तिचा गुण ताडण्याची ही रीत युरोपातल्या मध्ययुगीन वैद्यकातही होती. आकारावरून काढलेला तर्क कधी खरा ठरतो, कधी ठरत नाही, आणि म्हणूनच बटव्यातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा वेगवेगळी करावी लागते.

ही परीक्षा करताना आयुर्वेदाची चौकट समजून घेणे उपयोगी पडते, कारण घरोघरचे बहुतेक उपाय तिच्यातूनच झिरपत आलेले आहेत. अन्न पचवणाऱ्या शक्तीला आयुर्वेद अग्नी म्हणतो. तो मंद झाला की न पचलेल्या अन्नाचा आम तयार होतो, आणि पोटाच्या बहुतेक तक्रारी या आमातून उद्भवतात, अशी ही मांडणी आहे. अग्नी वाढवणाऱ्या द्रव्याला दीपन आणि आम पचवणाऱ्या द्रव्याला पाचन म्हणतात. पण त्या दोहोंच्या आधी येते ते लंघन, म्हणजे पोटाला विश्रांती देणे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी ही परिभाषा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठी वाचकाच्या घरात नेली, आणि त्यामुळे वैद्य नसलेल्या माणसाच्या तोंडीही ‘अग्नी मंद झालाय’ हे वाक्य सहज येऊ लागले.

दीपन-पाचन द्रव्यांत ओव्याचा मान पहिला. ओव्याच्या तेलातील मुख्य घटक थायमॉल हा होय. तो स्फटिकरूपात वेगळा काढला की त्यालाच काष्ठौषधींच्या दुकानात ओव्याचे फूल म्हणतात, आणि जंतुनाशक म्हणून तो चुळा भरण्याच्या औषधांतही वापरतात. चिमूटभर ओवा सैंधवाबरोबर चावून वर कोमट पाणी घेतले की ढेकर येतो आणि पोटाचा ताण सैलावतो. बडीशेपेतील अॅनेथॉल आणि पुदिन्यातील मेंथॉल ही द्रव्ये आतड्याच्या भिंतीतील स्नायू सैल करतात, त्यामुळे अडकलेला वात पुढे सरकतो. हिंगाचे काम याच जातीचे आहे. हिंग हा ज्या झाडांचा चीक, ती मुख्यतः इराण आणि अफगाणिस्तानच्या कोरड्या प्रदेशात वाढतात. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची लागवड करून पाहण्यास 2020 मध्ये सुरुवात झाली. म्हणजे ज्या वस्तूशिवाय मराठी वरणाला फोडणी बसत नाही, ती शतकानुशतके परदेशातूनच येत राहिली. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग या आठ द्रव्यांचे हिंग्वाष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घेण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, आणि तिच्यातला विचार लक्षात घेण्याजोगा आहे: हे औषध जेवणाच्या आरंभी यावे, भरल्या पोटावर पश्चात्तापादाखल घेतले जाऊ नये.

चाळीने या परंपरेत एक मोलाची भर घातली, ती देवाणघेवाणीची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या घरात मे महिन्यात गावाहून आमसुले आणि आगळ येते, आणि जड जेवणानंतर आमसुलाचे सार किंवा सोलकढी होते; शेजारच्या गुजराती घरात जिरे घातलेली छास आणि उत्तर भारतीय घरात काळे मीठ घातलेला जलजीरा असतो. भिंतीपलीकडच्या बाळाचे पोट दुखले की वाटी इकडून तिकडे जाते, आणि काही वर्षांत कोणता उपाय कोणत्या मुलखाचा, हे सांगता येईनासे होते. यांतल्या ताकाला ग्रंथांचा भक्कम आधार आहे: चरकसंहितेने ग्रहणी, म्हणजे रेंगाळणारी हगवण, आणि मूळव्याध या दोन्ही विकारांत ताकाची थोरवी गायली आहे, आणि आजच्या भाषेत सांगायचे तर विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोज या साखरेचा काही भाग आधीच मोडून टाकतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते. सर्वच समजुती मात्र अशा टिकत नाहीत. जळजळीवर गार दूध पिण्याने लगेच बरे वाटते, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठरात पुन्हा आम्ल पाझरू लागते, आणि तासाभरात जळजळ परत येते. पुदिना वातावर गुणकारी असला, तरी अन्ननलिका आणि जठर यांमधली झडप तो सैल करतो, त्यामुळे ज्याला आंबट पाणी घशाशी येते त्याला तो त्रासदायक ठरू शकतो. लिंबाच्या रसात खायचा सोडा घालून फसफसते पाणी पिण्याची सवय रक्तदाब असलेल्या माणसाच्या अंगात नको तेवढा सोडियम भरते. उपाय एकच असतो, पण तक्रार बदलली की त्याचा गुण बदलतो, आणि जुन्या जाणत्या बायका ‘आधी काय खाल्लं होतंस?’ असे विचारल्याखेरीज डब्याला हात लावत नसत, याचे कारण हेच असावे.

मात्रेची ही जाण सर्वांत सूक्ष्मपणे दिसते ती बाळगुटीत. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, काकडशिंगी, बदाम, खारीक अशी द्रव्ये एका डबीत असतात; सहाण उकळत्या पाण्याने धुऊन तिच्यावर आईच्या दुधाचे काही थेंब घेतात आणि एकेक द्रव्य त्यावर उगाळले जाते. प्रमाण ठरते ते वेढ्यांनी, म्हणजे सहाणेवर ते द्रव्य किती वेळा गोल फिरवले यावरून. ज्येष्ठमधाचे वेढे सढळ, हिरड्याचे बाळाच्या शौचाच्या रंगाकडे पाहून कमीजास्त, आणि जायफळाचा जेमतेम अर्धा वेढा. उगाळणाऱ्या हाताला हे तराजूवाचून माहीत असते. या पद्धतीत औषधापेक्षा मोठी गोष्ट अशी, की त्यानिमित्ताने रोज सकाळी घरातले अनुभवी माणूस बाळाला मांडीवर घेऊन त्याचे पोट, जीभ, टाळू आणि दुपटे नीट पाहत असे. पण याच पद्धतीत तिचे धोकेही आहेत, आणि ते सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. जायफळ थोडे अधिक झाले तर बाळ गुंगीत जाते, आणि ही गुंगी ‘गुटी मानवली’ म्हणून कौतुकाने पाहिली जाते. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य निर्धोक मानले जात नाही. गुटीत मध घातल्यास एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते. आणि सहाण, पाणी किंवा बोट स्वच्छ नसेल तर ज्या पोटासाठी हा खटाटोप, तेच बिघडते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणून गुटीतले निरीक्षण ठेवावे आणि गुटी वगळावी, हाच आजचा योग्य निवाडा होय.

घरगुती उपायांचे सर्वांत मोठे यश मात्र मसाल्याच्या डब्यात सापडत नाही. ते तांदळाच्या पेजेत सापडते. हगवण लागली की माणूस मरतो तो बहुधा जंतूंमुळे थेट मरत नाही, अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरतो. पेजेची कृती कुणालाही येणारी आहे: मूठभर तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात, चिमूटभर जिरे टाकून मऊ होईपर्यंत शिजवायच्या, वरचे पातळ पाणी पळीने काढून त्यात मीठ घालायचे, आणि कोमट असताना थोडे थोडे पाजायचे. आयुर्वेदाने या साध्या पदार्थाचे केवढे शास्त्र केले, हे पाहण्यासारखे आहे. केवळ वरचे निवळ पाणी तो मंड, थोडी शिते असलेली पातळ ती पेया, दाट झाली की विलेपी. दुबळ्या पोटाला या पायऱ्यांनी क्रमाने अन्नाकडे परत आणायचे, याला संसर्जनक्रम असे नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात वेगवेगळ्या विकारांसाठी 28 यवागू, म्हणजे औषधी पेजा, सांगितल्या आहेत.

पेजेत जे घडते, त्याचे शारीरशास्त्रीय कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते, हे रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये मांडले. जुलाब चालू असतानाही हा मार्ग शाबूत राहतो. तांदळाच्या पिठूळ द्रव्याचे आतड्यात ग्लुकोज होते आणि मिठातून सोडियम मिळते, म्हणजे खारट पेज हे याच तत्त्वाचे घरगुती रूप ठरते. या तत्त्वाची मोठी कसोटी 1971 मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत लागली. पटकीची साथ पसरलेली, शिरेतून देण्याचे सलाईन संपत आलेले, अशा वेळी डॉ. दिलीप महलनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचे पाणी पिंपांतून देण्याची व्यवस्था केली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजू लागले, आणि सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 मध्ये या उपचाराला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असे संबोधले. इंग्रजीत त्याला ‘ओआरएस’ आणि मराठीत जलसंजीवनी म्हणतात. या घटनेत अधोरेखित करावी अशी गोष्ट म्हणजे औषध पाजणारे हात पुन्हा घरच्याच माणसांचे होते. विज्ञानाने फक्त प्रमाण निश्चित करून दिले.

ते प्रमाण मात्र काटेकोर पाळावे लागते. घरी करायचे तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढले तर लहान मुलाला ते अपायकारक ठरते आणि साखर वाढली तर जुलाब वाढतात. जलसंजीवनीचे तयार पाकीट आणले तर ते पूर्ण 1 लिटर पाण्यात एकदम मिसळावे आणि 24 तासांत संपवावे. पेलाभर पाण्यात अंदाजाने चिमूट टाकण्याची जी सवय सर्वत्र दिसते, तिने हे गणित बिघडते. मुलांना त्याबरोबर जस्ताच्या गोळ्या 10 ते 14 दिवस देण्याची शिफारस आहे, आणि त्यांचे प्रमाण वयाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवायचे असते. फळांच्या चवीची गोड पेये ‘ओआरएस’ म्हणून विकली जात होती, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. पोट सावरू लागले की केळ्याची पाळी येते. ज्या भागात राजेळी केळ्यांची सुकेळी करण्याची कला आगाशीच्या घराघरांत टिकून राहिली, तेथे केळ्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. पण ढाक्यातील संशोधकांनी दीर्घकाळ जुलाब लागलेल्या मुलांना शिजवलेले हिरवे केळे देऊन ते उपयोगी पडते असे दाखवले, याची नोंद वसईकरांनी अभिमानाने घ्यायला हरकत नाही.

याच्या उलट तक्रारीत, म्हणजे बद्धकोष्ठात, इसबगोलाचा भुसा हा पुराव्याच्या कसोटीवर सर्वांत चांगला उतरलेला घरगुती उपाय आहे. हा भुसा स्वतः पचत नाही. तो पाणी धरून फुगतो आणि मळाला मऊपणा आणि आकार देतो. त्याच्याबरोबर भरपूर पाणी गेले नाही, तर मात्र तोच आत अडकून बसू शकतो. एरंडेलाचे काम निराळे आहे: त्यातील रिसिनोलेइक आम्ल आतड्याला चेतवून जोराने हालचाल करायला लावते. म्हणून गरोदर स्त्रीला आणि पोटात तीव्र दुखत असलेल्या कुणालाही एरंडेल देणे धोक्याचे असते. दुखणे आंत्रपुच्छाच्या सुजेचे निघाले, तर रेचकाने ते फुटण्याची भीती असते.

उपाय आणि उपचाराचा देखावा यांतला फरक सोपाऱ्याच्या मातीने फार पूर्वी पाहिलेला आहे. शूर्पारक या नावाने प्राचीन काळी हे मोठे बंदर होते. येथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला, आणि 1956 मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. या नवव्या लेखाचा आशय प्रस्तुत विषयाला थेट भिडतो. आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, त्यांतली पुष्कळशी क्षुल्लक आणि निरर्थक असतात, त्यांचे फळ अल्प असते, आणि खरे फळ मिळते ते नोकरचाकरांशी नीट वागण्यासारख्या सदाचरणाचे, असे अशोक तेथे सांगतो. गिरनार आदी ठिकाणी सापडलेल्या दुसऱ्या लेखात तोच राजा माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, जेथे नसतील तेथे आणून लावल्याचे नोंदवतो. मंगलकृत्य आणि वनस्पती यांची ही फारकत आजही आवश्यक आहे. दूध न पिणाऱ्या बाळाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे निरुपद्रवी आहे, फार तर वेळ जातो. पण जुलाबात तोच वेळ मोलाचा असतो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळणे, आणि मेळघाटात पोटफुगीवर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा, यांच्याकडे मात्र परंपरा म्हणून हळवेपणाने पाहता येत नाही. पहिलीत रोग झाकला जातो आणि दुसरीत बाळाला इजा होते.

नालासोपाऱ्याच्या नव्या वस्तीत या बटव्यापुढे वेगळीच अडचण उभी आहे. मुंबईचे चर्चगेट स्थानक येथून पन्नासहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे, आणि रोज तेवढे अंतर उभ्याने कापणारा माणूस पहाटे रिकाम्या पोटी चहा घेऊन निघतो, दुपारी मिळेल तेव्हा डबा उघडतो, संध्याकाळी फलाटावर वडापाव खातो आणि रात्री दहाच्या पुढे जेवून लगेच आडवा होतो. त्याची आम्लपित्ताची तक्रार ओव्याच्या कमतरतेमुळे उद्भवलेली नसते. जेवण आणि झोप यांत दोनतीन तासांचे अंतर असावे, एका वेळी थोडे खावे, तंबाखू टाळावी, या गोष्टी त्याला माहीतही असतात, फक्त त्या त्याच्या वेळापत्रकात बसत नाहीत. लंघनाला सुटी लागते, पेजेला चुलीपाशी उभे राहणारे माणूस लागते, आणि दोन्ही कमावती माणसे गाडीत असलेल्या घरात ही दोन्ही द्रव्ये दुर्मीळ झाली आहेत. मग बटव्याची जागा फसफसणारी पुडी घेते. ती तक्रार दाबते आणि माणसाला दुसऱ्या दिवशीच्या गाडीसाठी उभे करते. या पुडीला नावे ठेवण्याआधी पथ्य पाळण्याची मुभा ज्याच्या हाती नाही, त्याला पथ्याचा उपदेश किती करावा, याचाही विचार व्हायला हवा.

दुसरी अडचण पाण्याची आहे. पावसाळ्यात पूर्वेचे सखल रस्ते तुंबतात, कधी रेल्वेमार्गही पाण्याखाली जातो, जसा जुलै 2018 मध्ये गेला होता; अशा दिवसांत सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यातली सीमा पुसट होते. टँकरवर आणि साठवणीच्या पिंपांवर विसंबलेल्या वस्तीत हगवणीचे मूळ पोटात शोधण्याऐवजी पिंपात शोधणे अधिक शहाणपणाचे आहे. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, पण जंतू मारले जातात असे समजू नये. त्यासाठी पाण्याला खळखळून उकळी येऊन ती निदान मिनिटभर टिकावी लागते, किंवा क्लोरीनचे औषध सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे लागते. पाणी झाकून ठेवणे, ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढणे आणि शौचानंतर, तसेच स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, हे पोटाच्या आजारांवरचे सर्वांत स्वस्त घरगुती उपाय होत. त्यांना चव नाही आणि वास नाही, म्हणून बटव्यात त्यांची गणना होत नाही.

घरगुती उपायाचे शहाणपण त्याच्या मर्यादेत असते, आणि ही मर्यादा स्पष्ट शब्दांत माहीत असावी. शौचातून रक्त पडणे, शौच डांबरासारखे काळे होणे, जोराचा ताप, पाणीही पोटात न ठरणे, दोन दिवसांनंतरही न थांबलेली हगवण, पोटात एकाच जागी वाढत जाणारे दुखणे, कारणाशिवाय घटणारे वजन, यांपैकी काहीही दिसले तर डबा बंद करून डॉक्टरांकडे जावे. बाळाची टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना पाणी येईना, लघवी सहा तास झाली नाही किंवा ते मलूल पडले, तर एकही रात्र थांबू नये. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर त्याला ‘गॅस’ समजून ओवा देत बसणे जिवावर बेतू शकते. हृदयविकाराचा झटका अनेकदा अपचनाचे सोंग घेऊन येतो.

सारांश, घरगुती उपायांविषयी दोन टोकांची मते सारखीच चुकीची आहेत. ओवा, हिंग, आमसूल आणि ताक पोटाचा किरकोळ त्रास हलका करतात, इसबगोल आणि पेज खऱ्या अर्थाने उपचार ठरतात, जलसंजीवनी जीव वाचवते, आणि उरलेल्या पुष्कळ गोष्टींचे यश शरीराच्या स्वतःच्या सावरण्याला मिळालेल्या वेळेचे असते. म्हणून प्रत्येक घराने मिसळणाच्या डब्याशेजारी जलसंजीवनीची दोन पाकिटे ठेवावीत, पिण्याचे पाणी झाकावे, वर सांगितलेली धोक्याची चिन्हे घरातल्या सर्वांना तोंडपाठ असावीत, आणि आजारी माणसाला एक दिवस घरी राहू द्यावे. एवढे केले तर आजीचा बटवा आणि डॉक्टरांचा दवाखाना यांच्यात भांडणाचे काही कारण उरत नाही.